पान उलटून पाहताना

माझे वडील, नाना, कोणत्याही द्राक्षबागेत शिरले की आधी घडाकडे पाहत नाहीत. ते खाली वाकतात, खोडाजवळचे एक जुने पान दोन बोटांत धरतात आणि ते उलटून पाहतात. पस्तीस वर्षांच्या बागायतीत हा हात इतका सरावला आहे की पाहुण्यांच्या बागेत, रस्त्याकडेच्या बागेत, एकदा तर लग्नाच्या मांडवाशेजारच्या बागेतही मी त्यांना हेच करताना पाहिले आहे. पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग असला आणि खालच्या बाजूला पांढरी लव दिसली, की समजायचे केवडा, म्हणजे द्राक्षाचा बुरशीरोग, आला. त्यानंतर घरातली बोलणी, जेवणाच्या वेळा, माझ्या शाळेची फी भरण्याची तारीख, सगळे त्या लवेच्या मर्जीवर चालत असे.

गेल्या सप्टेंबरात नाना माझ्याकडे डेन्मार्कला आले होते. झीलंड बेटाच्या पश्चिमेला समुद्रात शिरलेले रोस्नेस नावाचे एक अरुंद भूशिर आहे आणि माझ्या नोकरीच्या गावापासून ते जवळ आहे. तिथे उतारावर द्राक्षबागा आहेत, हे मी त्यांना फोनवर अनेकदा सांगितले होते आणि दर वेळी त्यांनी ते नातवाच्या थापा ऐकाव्यात तसे ऐकून घेतले होते. पंचावन्न अंश उत्तर अक्षांशावर, जिथे जूनमध्येही अंगात स्वेटर असतो, तिथे द्राक्षे पिकतात यावर दिंडोरी तालुक्यातल्या माणसाने विश्वास तरी का ठेवावा? तोडणीच्या दिवसांत इथल्या लहान बागांना हौशी माणसे लागतात. दिवसभर घड तोडायचे, दुपारी बागमालकाबरोबर सूप आणि पाव खायचा आणि संध्याकाळी एक बाटली घेऊन घरी जायचे, असा रिवाज आहे. मी तीन वर्षे जात होते. या वेळी नानांना घेऊन गेले.

रात्री पाऊस झाला होता. बांधावरचे गवत ओले होते, समुद्रावरून गार वारा येत होता आणि पानापानावर पाण्याचे थेंब होते. केवड्याला याहून चांगले हवामान कोणते हवे? नाना पहिल्याच ओळीत वाकले, पान धरले, उलटले. मग दुसरे. मग चार वेली सोडून तिसरे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, काल काय मारलंय यांनी?"

मी बागमालकाला विचारले. निवृत्त शिक्षक असलेला तो गृहस्थ हसला आणि म्हणाला की शेवटची फवारणी जुलैमध्ये, मणी धरल्यानंतर झाली. त्याआधीची एक, फुलोऱ्यापूर्वी. संपली. नानांना मी ते मराठीत सांगितले, तेव्हा त्यांनी मला पुन्हा नीट विचारायला लावले, कारण भाषांतरात काहीतरी गफलत होत असणार अशी त्यांची खात्री होती. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतरच्या हंगामात फवारण्या मोजायची पद्धतच नाही. पाऊस लागला तर दिवसाआड ब्लोअर बाहेर निघतो. सर्वसाधारण युरोपीय जातींनाही ओल्या वर्षी दहा-बारा फवारण्या सहज लागतात. इथे दोन.

त्या वेलीचे नाव सोलारिस. पांढऱ्या वाइनसाठीची ही जात जर्मनीच्या दक्षिण टोकाला, फ्रायबुर्गच्या सरकारी द्राक्षसंशोधन संस्थेत नॉर्बर्ट बेकर या पैदासकाराने 1975 साली केलेल्या संकरातून निघाली. नोंदवहीतला तिचा क्रमांक एफआर 240-75. संकर झाला 1975 साली आणि जात म्हणून तिला अधिकृत मान्यता मिळाली 2001 साली. मधली सव्वीस वर्षे रोपे वाढवण्यात, त्यांतली बहुतेक उपटून टाकण्यात, उरलेल्यांची वाइन वर्षानुवर्षे चाखण्यात गेली. द्राक्षाच्या पैदाशीत घाई चालत नाही. फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, दुसऱ्या वेलीचे पराग त्यावर लावायचे, घडाला पिशवी बांधायची, बी धरले की पेरायचे आणि मग प्रत्येक बीमधून निघणारे रोप वेगळ्याच स्वभावाचे निघते. त्या वेगवेगळ्या रोपांतले एक सोलारिस ठरले. आज जगात जिथे जिथे सोलारिस उभी आहे, ती सारी त्या एका रोपाच्या काडीची काडी आहे.

तिचे कूळ पाहण्यासारखे आहे. एका बाजूला मेर्त्सलिंग नावाची जात, जी याच संस्थेत 1960 साली योहानेस त्सिमरमान यांनी तयार केली. संस्था ज्या मेर्त्सहाउझर रस्त्यावर आहे त्या रस्त्यावरून तिचे नाव पडले. मेर्त्सलिंगमध्ये रीसलिंग आणि पिनो ग्री या युरोपीय जातींबरोबर सेवाल ब्लां ही फ्रेंच संकरित जात आहे आणि सेवालच्या मागे अमेरिकेतल्या रानवेली आहेत. दुसऱ्या बाजूला जर्मनीतल्याच गाइझेनहाइमच्या संस्थेतले एक निनावी, फक्त क्रमांकाने ओळखले जाणारे रोप. त्याची आई कोण याबद्दल कागदावर बरीच वर्षे साफ चूक होती. पुस्तकांत सापेरावी सेवेर्नी असे नाव छापून येत राहिले. पुढे डीएनए तपासल्यावर ती झार्या सेवेरा निघाली. नावे वेगळी असली तरी घराणे एकच. दोन्हींचे मूळ रशियातल्या नोवोचेर्कास्क इथल्या कामात आणि दोन्हींच्या अंगात व्हिटिस आमुरेन्सिसचे रक्त, म्हणजे रशिया आणि चीनच्या सीमेवरून वाहणाऱ्या आमूर नदीच्या खोऱ्यातल्या रानद्राक्षाचे. उणे चाळीस अंशांच्या आसपासची थंडी सोसणारी ती वेल. तिच्या जोडीला, त्या निनावी रोपाचा दुसरा जनक असलेल्या मस्कट ऑटोनेल या जातीचा सुगंध. नानांना मी हे झाडाच्या सावलीत बसून सांगितले, तेव्हा त्यांनी वंशावळ ऐकून घेतली आणि विचारले, "खुंट कोणता?"

हा प्रश्न मला फार आवडला. आमच्या भागात डॉगरिजच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावायचा विचार कोणी करत नाही आणि डॉगरिजही अमेरिकी रानवेलच. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळे खाऊन बागाच्या बागा संपवल्या, तेव्हा तिथल्या खानदानी जातींना जगवले ते अमेरिकी खुंटांनीच. जमिनीखाली रानटी मूळ आणि जमिनीवर कुलीन वेल, ही तडजोड सगळ्यांनी निमूटपणे मान्य केली. पण तेच रानटी रक्त पानात आणि मण्यात आले की मात्र नाके मुरडली गेली. याला काही कारणही होते. जुन्या अमेरिकी संकरित जातींच्या वाइनला एक उग्र, गोडसर वास येई. आपल्याकडच्या बंगळूर ब्लू द्राक्षाचा रस ज्याने प्यायला आहे त्याला तो वास सांगावा लागत नाही; बंगळूर ब्लू म्हणजे तीच अमेरिकी घराण्याची इझाबेला. आपल्याला तो वास आवडतो, फ्रेंचांना आवडला नाही. 1930च्या दशकात फ्रान्सने इझाबेला, नोआ, क्लिंटन अशा सहा जातींवर बंदीच घातली. कारण केवळ चवीचे होते की वाइनचे अतिउत्पादन आवरण्याचेही होते, यावर माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

त्या इतिहासाचे ओझे सोलारिससारख्या जातींनी बराच काळ वाहिले. जर्मनीने तिची नोंद कागदोपत्री व्हिटिस व्हिनिफेरा, म्हणजे शुद्ध युरोपीय द्राक्ष म्हणून केली. तिच्या अंगात अनेक पिढ्यांचे युरोपीय रक्त मिसळलेले असल्याने आणि रूपाने ती तशीच दिसत असल्याने तसे करता आले. त्यामुळे तिच्या वाइनला दर्जेदार वाइनच्या वर्गात बसता आले. युरोपीय संघाने मूळस्थानाचे संरक्षित नाव लावणाऱ्या वाइनमध्ये उघडपणे संकरित जाती वापरायला परवानगी दिली ती थेट 2021 साली. जर्मन शेतकरी अशा जातींना थोडक्यात 'पीवी' म्हणतात. मूळ शब्द बुरशीला तोंड देण्याची क्षमता असलेली अशा अर्थाचा आणि आगगाडीएवढा लांब आहे.

पण नानांना कायद्यात रस नव्हता. त्यांना पानात रस होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, एक पान उन्हासमोर धरले आणि बराच वेळ पाहत राहिले. त्या पानावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके होते, दहा-बारा असतील. त्यांनी पान उलटले. खाली लव नव्हती. त्यांनी अंगठ्याने पुसून पाहिले. अंगठा कोरडा निघाला.

त्या ठिपक्यांतच या वेलीचे सारे मर्म आहे. केवड्याची बुरशी पाण्यातून चालते. पानावर दवाचा किंवा पावसाचा पातळ थर असला की तिचे बीजाणू त्यात अक्षरशः पोहतात, पानाच्या खालच्या बाजूची श्वास घेण्याची छिद्रे शोधतात आणि त्यांतून आत मूळ घालतात. आमच्याकडच्या थॉमसन या बिनबियांच्या जातीच्या पानात शिरलेली बुरशी आत निवांत संसार थाटते आणि काही दिवसांनी त्याच छिद्रांतून पांढरी लव बाहेर काढते. सोलारिसच्या पानात असे घडत नाही. बुरशीने पाय ठेवल्याची चाहूल लागताच तिथल्या पेशी आणि आसपासच्या पेशी स्वतःहून मरून जातात आणि मरताना बुरशीला घातक अशी द्रव्ये सोडतात. या बुरशीला जिवंत पेशीच लागते. मेलेल्या पेशीत तिला अन्न मिळत नाही. तो काळा ठिपका म्हणजे एवढ्याशा जागेत झालेले जौहर. ही चाहूल लागण्याची क्षमता आमूरच्या रानवेलीकडून आलेल्या जनुकीय पट्ट्यात आहे, तिला शास्त्रज्ञ आरपीव्ही-10 म्हणतात आणि ती द्राक्षाच्या नवव्या गुणसूत्रावर आहे. अमेरिकी पूर्वजांकडून आलेली प्रतिकारशक्ती तिच्या जोडीला आहेच. भुरी या दुसऱ्या बुरशीरोगाशी लढायलाही ती उपयोगी पडते.

युरोपीय द्राक्षाला हे का जमत नाही, याचे उत्तर सोपे आहे. त्याने या बुरशा कधी पाहिल्याच नव्हत्या. भुरी प्रथम दिसली ती 1845 साली इंग्लंडमधल्या मार्गेट गावी, टकर नावाच्या माळ्याच्या काचघरात. केवडा फ्रान्समध्ये पोहोचला 1878च्या सुमारास, आणि तोही बहुधा फिलॉक्सेरावर इलाज म्हणून आणलेल्या अमेरिकी वेलींबरोबर. उपाय शोधता शोधता दुसरा रोग घरात आला. मग फ्रान्समधल्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडलेला असे आणि नेमक्या त्याच वेली निरोगी राहिल्या, हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि 1885 साली बोर्डो मिश्रण जगापुढे आले. आमच्या घरी हे मिश्रण तयार होताना मी लहानपणी पाहिले आहे. प्लास्टिकच्या पिंपात निळे पाणी, दुसऱ्यात विरलेला कळीचा चुना, दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचे आणि मग नाना त्यात विळ्याचे टोक बुडवून धरत. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. पाते कोरे निघाले तर चालेल. त्या दिवसांत नानांच्या बोटांच्या पेरांत निळा रंग असे आणि भाकरी कुस्करतानाही तो तसाच दिसे.

म्हणूनच त्यांनी त्या बागमालकाला पुढचा प्रश्न विचारला तो मला आधी कळलाच नाही. "दोन तरी का मारता मग? एकही मारू नका की." मी भाषांतर केले. बागमालक गंभीर झाला. त्याने सांगितले की ही वेल केवड्याला दाद देत नाही असे नाही, ती त्याला अडवते. आणि अडवणाऱ्याला सतत एकटे उभे केले तर केव्हातरी समोरचा वाट काढतो. हंगेरीची बियांका ही अशीच प्रतिकारक पांढरी जात. तिच्यातल्या आरपीव्ही-3 या अडसराला भेदून जाणारा केवडा संशोधकांना सापडला आणि 2010 साली त्याची नोंद झाली. म्हणून रोगाला सर्वाधिक अनुकूल अशा फुलोऱ्याच्या आगेमागे वेलीला दोनदा मदत करायची, म्हणजे कणखर निघालेली बुरशी तिथेच मरेल. नानांनी मान डोलावली. हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एकेकाळी हमखास चालणारे मेटॅलॅक्सिल हे बुरशीनाशक पुढे पाण्यासारखे निरुपयोगी ठरलेले त्यांनी स्वतःच्या बागेत पाहिले आहे. "सरावते ती," एवढेच ते म्हणाले.

या देशात फवारणी टाळण्याला आणखी एक कारण आहे. डेन्मार्कचे जवळपास सगळे पिण्याचे पाणी जमिनीतून येते आणि फारशा प्रक्रियेविना नळाला येते. त्यामुळे शेतातल्या औषधांकडे इथे फार कडक नजरेने पाहिले जाते आणि त्यांवर करही जबर आहे. युरोपीय संघाने डेन्मार्कला वाइन बनवणारा देश म्हणून मान्यता दिली ती 2000 साली. सोलारिसची मान्यता त्याच्या पुढच्या वर्षीची. दोघांचे जणू ठरूनच जमले. आज इथल्या आणि शेजारच्या स्वीडनमधल्या पांढऱ्या वाइनच्या बागांत हीच जात सर्वांत जास्त दिसते आणि नॉर्वेतही ती लावली जाते.

केवळ रोगाला तोंड देते म्हणून ती इतक्या उत्तरेला आली असे मात्र नाही. तिचा दुसरा गुण म्हणजे घाई. फ्रायबुर्गला ती ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पिकते; वर्षाची पहिली, आंबत असलेली गढूळ वाइन जर्मनीत अनेकदा हिच्याच रसाची असते. तिथे तिच्या रसातली साखर जर्मन मोजपट्टीवर 100 अंशांच्या वर सहज जाते, म्हणजे आपल्या ब्रिक्समध्ये जवळपास 24. रोस्नेसला उन्हाळा आखूड, म्हणून तोडणी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. नानांनी बागमालकाच्या हातून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर जवळजवळ हिसकावूनच घेतला, एक मणी काचेवर पिळला, डोळ्याला लावून आकाशाकडे पाहिले. वीस. मग त्यांनी मणी तोंडात टाकला. सोनेरी झाक असलेला, पातळ सालीचा, बोराएवढाही नाही. चघळता चघळता थांबले आणि बी तळहातावर काढली. "बी आहे," असे ते म्हणाले ते तक्रारीच्या सुरात. आयुष्य बिनबियांच्या द्राक्षात गेलेल्या माणसाची ती तक्रार होती. मग म्हणाले, "पण आंबट-गोड झकास आहे."

दोषही त्यांनी सांगितल्यावाचून सोडले नाहीत. वेल फार माजते. बगलफुटी इतक्या येतात की त्या काढल्या नाहीत तर घड सावलीत बुडतात आणि सावलीत ओल राहते. इथे आपल्यासारखा मांडव नसतो. तारांच्या जोडीत फूट उभी बांधतात, कारण सूर्य डोक्यावर येतच नाही, तो बाजूने येतो. दुसरी पीडा गांधीलमाशांची. आसपासची कोणतीही द्राक्षे गोड होण्याआधी ही गोड होते, त्यामुळे पंचक्रोशीतल्या गांधीलमाशा हिच्यावरच तुटून पडतात. एका घडात मी हात घातला तेव्हा चार पोकळ मणी आणि आत एक माशी सापडली. बाहेरून घड अगदी शाबूत दिसत होता. तिसरी गोष्ट तोडणीच्या वेळेची. साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. उष्ण जागी आठवडाभर उशीर झाला की वाइन जड आणि दारूच्या तिखटपणाची होते. थंडीत हा दोष आपोआप झाकला जातो, म्हणून जन्मगावापेक्षा परगावातच ही जात जास्त खुलली, असे माझे मत झाले आहे.

नाना माळकरी आहेत. दुपारच्या जेवणात बाटली उघडली तेव्हा त्यांनी पेला नुसता नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे सरकवला. "अननस," म्हणाले. मला हसू आले, कारण पैदासकारांच्या वर्णनातही अननस आहे, आणि हेझलनट नावाचे कवची फळही. मला इथल्या बाटलीत त्याबरोबर हिरव्या सफरचंदाची आणि एल्डरच्या फुलांची आठवण येते. जूनमध्ये इथे प्रत्येक कुंपणावर ती पांढरी फुले असतात आणि लोक त्यांचे सरबत करतात. प्रामाणिकपणे सांगायचे तर चांगल्या रीसलिंगची खोली तिच्यात मला सापडलेली नाही. वास आधी सगळे सांगून टाकतो, चवीकडे सांगायला थोडेच उरते. पण ज्या उतारावर रीसलिंग नीट पिकणारच नाही तिथे तिची तुलना रीसलिंगशी करण्यात अर्थ नाही.

परतताना गाडीत नाना गप्प होते. मग त्यांनी विचारले की चार काड्या बॅगेत टाकल्या तर विमानतळावर कळेल का. कळेल आणि दंड होईल, मी म्हणाले. शिवाय ही जात नोंदणीकृत आहे आणि परवानगीशिवाय ती वाढवता येत नाही. त्यांनी ते ऐकले न ऐकल्यासारखे केले. आपल्याकडेही असे काम झाले आहे, हे मी त्यांना आठवण करून दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकी कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-516 ही जात काढली आहे. ती लवकर पिकते आणि बुरशीला बऱ्यापैकी तोंड देते. पण ती रसाची आणि लाल वाइनची, काळ्या मण्याची आणि बियांची. नानांना हवी आहे ती लांब मण्याची, बिनबियांची, पेटीत भरून लांबच्या बाजारात जाणारी आणि वर पानावर काळे ठिपके मिरवणारी वेल. चव, आकार, टिकाऊपणा आणि प्रतिकार एकाच बीमध्ये उतरेपर्यंत किती रोपे उपटावी लागतील आणि किती वर्षे जातील, हे सव्वीस वर्षांचा हिशोब ऐकल्यावर त्यांना सांगावे लागले नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते छाटणीसाठी परत गेले. काडी नेली नाही. मोबाइलमध्ये एक फोटो नेला. पानाची खालची बाजू, तिच्यावर त्यांचा कोरडा अंगठा. तो त्यांनी गावातल्या सगळ्यांना दाखवला असे आई म्हणाली, आणि बहुतेकांनी विचारले की औषध कोणते.

नोव्हेंबरच्या मध्यावर अवकाळी पाऊस आला. फयान वादळाच्या 2009 सालच्या पावसात आमचा अख्खा हंगाम फुलोऱ्यातच गेला होता, म्हणून नोव्हेंबरात ढग आले की मी अजूनही इथून रोज फोन करते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच व्हिडिओ कॉल केला. मागे ट्रॅक्टर चालू होता, ब्लोअरचा आवाज इतका होता की बोललेले कळत नव्हते. त्यांनी कॅमेरा वेलीकडे वळवला, खालचे एक पान धरले आणि मला दिसेल असे सावकाश उलटले.